माणसाला न भिणारा कोल्हा

शाळेची सहल आली की मुलं आधी घारीपाशी थांबतात. घारीला एकच पंख आहे. दुसरा पतंगाच्या मांज्याने कापला गेला आणि शेवटी काढून टाकावा लागला. हे दिसतं, त्यामुळे कोणी काही विचारत नाही. पुढच्या टाकीत नर्मदेतलं कासव आहे, त्याचे दोन्ही डोळे गेलेले आहेत. तेही दिसतं. मग कोल्ह्याचं कुंपण येतं. कोल्हा धडधाकट. कान ताठ, अंगावर तकाकी, चाल ऐटबाज. मुलं त्याच्याकडे पाहतात, पाटी वाचतात, परत त्याच्याकडे पाहतात आणि विचारतात, "इसको क्या हुआ है?"

जबलपूरच्या एका छोट्या निसर्ग-संग्रहालयात शिकवण्याचं काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की उत्तर तोंडपाठ झालं. उत्तर असं: याला माणसाची भीती वाटत नाही.

मुलांना हा आजार पटत नसे. कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेची चौथीतली मुलगी एकदा म्हणाली, "मॅम, ये तो अच्छी बात है ना?" तिच्या बाईंनी तिला दटावलं. दटावायला नको होतं. प्रश्न बरोबर होता आणि दोन मिनिटांत बसेल असं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

बाहेरच्यांसाठी आधी कामाचं स्वरूप सांगते. जखमी किंवा आईपासून तुटलेली जनावरं लोक आणून देतात, वनखातं आणून देतं. बरी झाली की ती जिथली तिथे सोडायची, हा नियम. काही मात्र सोडता येत नाहीत. कुणाचं शरीर कायमचं अधू झालेलं असतं, कुणाचे डोळे किंवा कान गेलेले असतात. आणि काहींचं फक्त डोकं बिघडलेलं असतं, म्हणजे ती माणसाच्या हातून खाऊन मोठी झालेली असतात. अशी जनावरं परवानगी घेऊन ठेवायची, जन्मभर सांभाळायची आणि त्यांना समोर ठेवून मुलांना विज्ञान शिकवायचं. लमेटाच्या खडकातली जीवाश्मं, कवट्या, पिसं हे सगळं टेबलावर मांडलेलं असतं. तरी मुलांची सर्वांत जास्त गर्दी होते ती कोल्ह्याच्या वाळलेल्या विष्ठेभोवती. ती फोडली की आत बोराच्या बिया निघतात. कोल्हा मांस खातो एवढंच ऐकलेल्या मुलांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होतो.

मोठ्या माणसांचे प्रश्न वेगळे असतात. ग्वारीघाटाकडून आलेले एक गृहस्थ कोल्ह्याच्या कपाळाकडे बराच वेळ निरखून पाहत होते. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "सियारसिंगी निकलती है क्या इसमें?" कोल्ह्याला शिंग नसतं, पूजेच्या सामानात त्या नावाने विकतात ते बनावट असतं, हे त्यांना कवटी हातात देऊन दाखवलं. त्यांनी कवटी उलटसुलट केली, परत दिली आणि म्हणाले, "मादा की होगी." एक आजी दर एकादशीला कासवासाठी कणकेच्या गोळ्या आणायच्या. नको म्हटलं की म्हणायच्या, "उसको दिखता नहीं, तुम मत बताना."

या कामाआधीची बरीच वर्षं मी शहरातल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, ही तिथली शिकवण. संग्रहालयात ती कामाला येईल असं वाटलं होतं. कोल्ह्याच्या बाबतीत ती आली की नाही, हे अजून ठरवता आलेलं नाही.

त्याची हकीकत अशी. मटाराच्या तोडणीच्या दिवसांत मजुरांना शेतातल्या मोरीत एक पिल्लू सापडलं. ते घमापुरातल्या एका किराणा दुकानदाराकडे पोहोचलं. दुकानदाराने त्याला कुत्र्याचं पिल्लू समजून वाढवलं, गळ्यात पट्टा बांधला, टोस्ट आणि खोवा जिलबी खाऊ घातली. गल्लीतली कुत्री त्याच्यावर गुरगुरायची. दुकानदाराला वाटायचं, नवा आहे म्हणून. मग एक दिवस फॅक्टरीचा भोंगा झाला आणि पिल्लाने मान वर करून त्याला उत्तर दिलं. सगळी गल्ली बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दुकानदार त्याला टोपलीत घालून आमच्याकडे घेऊन आला. म्हणाला, "कुत्ते पहचान गए थे, मैडम. हम ही नहीं पहचाने."

आमच्याकडेही तो भोंग्याला न चुकता उत्तर देई. त्यामुळे सुखलालने त्याचं नाव ठेवलं वकील. जनावरांना नावं ठेवायची नाहीत हा संग्रहालयाचा नियम आहे आणि तो कोणीही पाळत नाही. सुखलाल म्हणजे सुखलाल बर्मन, जनावरांची देखभाल करणारा. घराणं नावाड्यांचं, हा एकटा काठावर राहिला. सकाळी डबा वाजवून "वकीलसाब, पेशी है!", म्हणजे कोर्टाची तारीख आहे, असं तो ओरडायचा आणि कोल्हा शेपटी हलवत, अख्खं अंग वळवत त्याच्या पायाशी यायचा. मुलांना हे फार आवडे. मी मात्र त्याच वेळी मुलांना सांगत असे, की रानातल्या जनावराने असं वागणं हेच त्याचं दुखणं आहे. दोन्ही गोष्टी एकाच कुंपणापाशी, एकाच वेळी चालत.

डॉक्टर केतकी आल्यावर हे सगळं बदललं. वन्यजीवांचं शिकलेली, पुण्याची, वयाने लहान. तिचं मराठी ऐकून आमचं मराठी आम्हालाच वेगळं वाटू लागलं. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, हा कोल्हा सोडण्यालायक नाही, असं कोणी ठरवलं?"

"पहिल्यापासून तसंच आहे. काहून?"

"मला पाहिलं की तो झुडपामागे जाऊन बसतो. त्याला भीती वाटते. म्हणजे वाटू शकते."

सुखलाल मागे बादली धूत होता. तो म्हणाला, "मैडमजी, सुई लेके आओगी तो हम भी झाड़ी में बैठेंगे."

केतकी हसली, पण तिने विषय सोडला नाही. तिचं म्हणणं असं होतं: हा एका माणसाला घाबरायला शिकला, तर सगळ्यांना घाबरायला शिकू शकतो. वय अजून आहे, दात चांगले आहेत. वनखात्याकडे परवानगी मागितली गेली आणि ती मिळालीही. कुंडमच्या पुढे जंगलात खात्याची जुनी रोपवाटिका आहे. तिला उंच कुंपण घालून तिथे त्याला ठेवायचं ठरलं. खाणं पडद्याआडून, नळकांड्यातून, कोणी दिसणार नाही अशा बेताने टाकायचं. माणूस दिसला की खाणं नाही, फक्त आरडाओरडा आणि आजूबाजूला ढेकळं. पावसाळ्याआधी त्याला माणसाची धास्ती बसली तर दार उघडायचं. नाही बसली तर परत संग्रहालयात, जन्मभरासाठी. कारण माणसाकडे शेपटी हलवत जाणारा कोल्हा गावाच्या कडेला फार दिवस जगत नाही.

घाबरवायचं काम सुखलालचं. केतकीने कारण सांगितलं: विश्वास ज्याच्यावर आहे त्यानेच तो तोडला पाहिजे, इतरांनी तोडून उपयोग नाही. सुखलाल लगेच "जी मैडमजी" म्हणाला. तो एवढ्या सहज कसा तयार झाला, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. त्याच्या फेरीच्या वेळी दुसरं कोणी आसपास असू नये, असंही ठरलं.

माझं काम कुंपणाबाहेर बांधलेल्या मचाणावर बसून बघायचं आणि जसं दिसेल तसं केतकीला सांगायचं. मी आठवड्यातून काही दिवस जायची. केतकी वनखात्याच्या विश्रामगृहात राहिली होती.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. संध्याकाळी पलीकडच्या नाल्यातून रानातले कोल्हे ओरडायचे आणि वकील त्यांना उत्तर द्यायचा. उंदीर धरू लागला. मोहाची फुलं वेचून खाऊ लागला. मग केतकीने पहिली चाचणी घेतली. खाकी वर्दीतला वनरक्षक कुंपणाच्या कडेने चालत गेला. कोल्हा क्षणात नाहीसा झाला. केतकीने माझा दंड धरला. "जमतंय, ताई!"

थोड्याच वेळाने त्याच वाटेने मोह वेचणारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. कोल्हा झाडीतून बाहेर आला, कुंपणापाशी बसला आणि शेपटी हलवू लागला. बाई घाबरून पळाली. कोल्हा तिच्या मागे कुंपणाच्या आतून धावत गेला.

"बाईमाणसाला घाबरत नाही, असं असेल का?" केतकी म्हणाली.

"तू बाईमाणूस नाहीस का? तुला तर पाहून लपते तो."

मग तर्क सुरू झाले. साडीचा रंग असेल. टोपलीतल्या मोहाचा वास असेल. बांगड्यांचा आवाज असेल. आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. गाडीचा ड्रायव्हर टी-शर्टमध्ये गेला. कोल्हा त्याच्या स्वागताला आला. गावातले मास्तर गेले, तेच. वनरक्षक पुन्हा गेला, कोल्हा गायब. दुसऱ्या दिवशी तोच वनरक्षक आंघोळ करून, लुंगी आणि खांद्यावर गमछा अशा वेषात सहज कुंपणाशी गेला आणि कोल्हा नाचत पुढे आला. माणूस तोच. काल त्याच्यापासून पळाला, आज त्याच्याकडे आला.

"ताई, मला काहीही कळत नाहीये," केतकी म्हणाली.

"मला तरी कुठं कळून राहिलं आहे?"

डेस्कवर असताना अशी बातमी आली असती तर ती थांबवून ठेवली असती. इथे पावसाळा थांबणार नव्हता. सुखलालला विचारलं तर तो म्हणायचा, "हमसे तो डरता है. खूब डरता है." आणि नजर दुसरीकडे वळवायचा.

शेवटी, ठरलेला नियम मोडून, मी एका सकाळी त्याच्या फेरीच्या आधीच मचाणावर जाऊन बसले. उजाडलं होतं. रोपवाटिकेच्या शेडमागून खाकी शर्ट घातलेला एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. अंगाला फिनाइलचा वास इतका की वर मचाणापर्यंत येत होता. त्याने घोगऱ्या, बनावट आवाजात आरडाओरडा केला, टिनाचा पत्रा बडवला, ढेकळं फेकली. कोल्हा पार टोकाला जाऊन दडला. माणूस परत शेडमागे गेला, हेल्मेट काढलं आणि चेहरा पुसला. तो सुखलाल होता.

मी खाली उतरून विचारलं, "ये काहे के लिए, सुखलाल भैया?"

"डराना था न, दीदी? डर गया."

"तुमसे डराना था."

"हमसे काहे डरे?" तो खरोखर गोंधळून म्हणाला. "हमने क्या बिगाड़ा उसका?"

"और ये फिनाइल?"

"आदमी को वो नाक से पहचानता है, दीदी, आँख से थोड़ी!" या एका बाबतीत त्याच्या आवाजात अभिमान होता.

सगळा उलगडा झाला. वकील माणसाला घाबरायला शिकलाच नव्हता. तो खाकी कपड्यांना घाबरायला शिकला होता. अख्ख्या जंगलात ज्यांच्यापासून त्याला धोका नव्हता, नेमक्या तेवढ्याच लोकांपासून तो आता पळत होता.

दुपारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात केतकी संतापाने उभीच राहिली. तिचं हिंदी रागात अडखळत होतं. "भैया, वर्दीवाले तो उसको बचाने वाले हैं! उन्हीं से डरा दिया आपने!"

"तो सबसे बोल दो, वर्दी उतार के घूमें," सुखलाल चहा ढवळत म्हणाला. वनरक्षक हसला आणि केतकीने पाहताच गप्प झाला.

"आता दोनच रस्ते आहेत," केतकी मला म्हणाली, मग सुखलालकडे वळली. "या तो आप अपने कपड़ों में जाओगे, अपनी आवाज़ में. या फिर वापस पिंजरा."

"तो वापस ले चलो न, मैडमजी. वहाँ कमी क्या है? खाना है, दवा है, बच्चे आते हैं. यहाँ छोड़ोगे तो कोई न कोई लाठी मार देगा."

"इसीलिए तो पहले आपको ही उसे मारना है."

तिथे कमी काय होती? जंगल नव्हतं, जोडीदार नव्हता, नाल्यातून येणारी हाक नव्हती, हे मुलांना सांगता येतं. पण सकाळी डब्याच्या आवाजाला धावत येणाऱ्या त्या जनावराला नेमकं कशाचं दुःख होतं, हे मी त्याच्याकडे इतकी वर्षं बघूनही मला दिसलेलं नव्हतं. केतकीला खात्री होती. सुखलालला दुसऱ्या बाजूची तेवढीच खात्री होती. मी दोघांच्या मधे बसले होते आणि दोघांचंही पटत होतं.

चहा संपल्यावर सुखलालने पेला खाली ठेवला आणि विचारलं, "हेलमेट भी नहीं?"

"नहीं."

पहिल्या सकाळी तो आपल्या नेहमीच्या चौकटीच्या शर्टात आत गेला. कोल्हा इतक्या वेगाने आला की त्याच्या पायांवर आपटलाच. सुखलालने पत्रा वाजवला. कोल्ह्याला वाटलं, जेवणाचा डबा. तो समोर बसून तोंड चाटू लागला. सुखलाल ओरडला, पण आवाज मधेच फाटला. ढेकूळ टाकलं ते लांब पडलं. कोल्हा जाऊन त्याचा वास घेऊन आला. शेवटी सुखलाल खाली बसला आणि कोल्हा त्याच्या मांडीला अंग घासू लागला. केतकीला काय सांगायचं? दिसलं तेच सांगितलं. ती "उद्या पुन्हा" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या सकाळी असंच. त्यानंतरच्या सकाळी सुखलालने मारलेलं ढेकूळ कोल्ह्याच्या बरगडीला लागलं. लागावं म्हणून मारलं की चुकून लागलं, हे वरून कळलं नाही आणि त्याला विचारलंही नाही. कोल्हा केकाटला, थोडा मागे सरकला आणि सुखलालकडे बघत राहिला. पळाला नाही. चुकीच्या माणसाने मारलं असावं अशा नजरेने तो आजूबाजूला बघत होता, असं मला वाटलं. वाटलं म्हणून केतकीला सांगितलं नाही.

मग हळूहळू अंतर वाढलं. सुखलाल दिसला की कोल्हा उठून उभा राहायचा. पुढे, दिसला की चालू लागायचा. शेवटी झाडीत जायचा. आणि त्यानंतर मोहवाली बाई, ड्रायव्हर, मास्तर, लुंगीतला वनरक्षक, कोणीही आलं तरी कुंपणाच्या आत काहीही हलायचं नाही. ज्याने डबा वाजवला त्याच्यापासून पळायचं ठरल्यावर बाकीच्यांचा प्रश्नच उरला नव्हता. सुखलाल त्या दिवसांत जेवायला आमच्यात बसत नसे. गावातून बिडी आणायची म्हणून निघायचा आणि बिडी न आणताच परत यायचा.

दार उघडलं तो दिवस ढगाळ होता. नाल्याकडचं फाटक उघडं ठेवलं होतं. ठरलं असं, की सुखलालने अलीकडून शेवटची फेरी मारायची आणि कोल्ह्याला आपल्यापासून दूर, फाटकाकडे पळवायचं. केतकी नाल्याच्या वरच्या अंगाला, मी मचाणावर दुर्बीण घेऊन.

सुखलाल आत गेला. ओरडला. या वेळी आवाज फाटला नाही. ढेकूळ उचललं आणि फेकलं, आणि फेकताक्षणी पाठ फिरवून जमिनीकडे बघत उभा राहिला. कोल्हा झाडीतून निघाला, कुंपणाच्या कडेने गेला, फाटकातून बाहेर पडला, नाला ओलांडून वर चढला. सागाच्या झाडांशी थांबला. वळून मागे पाहिलं. मग आत गेला.

त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. आसपासच्या गावांतून माणसाळलेल्या कोल्ह्याची तक्रार आलेली नाही. वनरक्षक म्हणतो ही चांगली खबर आहे. केतकीही तेच म्हणते. तक्रार न येण्याची दुसरीही कारणं असू शकतात, हे आम्ही तिघेही जाणतो. संग्रहालयातलं त्याचं कुंपण रिकामं आहे. मुलं तिथे थांबत नाहीत.

मी मचाणावरून उतरले तेव्हा सुखलाल अजून तिथेच पाठमोरा उभा होता.

"चला गया?"

"गया."

त्याने हातावरची माती झटकली. मग म्हणाला, "पलटके देखा क्या?"

पळणारा कोल्हा थोड्या अंतरावर थांबून मागे बघतो. धोका किती लांब आहे याचा तो अंदाज घेतो. ही त्या जातीची सवय आहे आणि आम्ही ती मुलांना चित्रं काढून शिकवतो. मी तेच सांगितलं. म्हटलं, "सुखलाल भैया, सब सियार पलटके देखते हैं."

"सबका नहीं पूछा, दीदी," तो म्हणाला.